हौशी नाटकात अपराधी सून उभी करताना

वयाच्या चाळिशीनंतर, नोकरी आणि घर सांभाळून, दोन अंकी नाटकात पहिल्यांदाच मोठी भूमिका घेणाऱ्या माणसाला काय काय करावे लागते, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. अभिनयावरची पुस्तके मिळतात, शिबिरे होतात, नामवंतांच्या मुलाखतीही ऐकायला मिळतात. परंतु बँकेतून सुटून, घरी भाजी फोडणीला टाकून, साडेआठला तालमीला पोहोचणाऱ्या बाईने नाटकातल्या सर्वांत जड प्रवेशाची तयारी कधी आणि कशी करायची, हे त्यांत फारसे सापडत नाही. जून २०२४ मध्ये हाती घेतलेले आमचे नाटक जानेवारी २०२५ मध्ये रंगमंचावर आले. त्या काळातले जे इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटते, ते क्रमाने लिहिते.

आमची कोल्हापूरची संस्था लहान आहे. तीत प्राथमिक शिक्षक आहेत, शिरोलीच्या फौंड्रीत पाळी करणारे एक गृहस्थ आहेत, औषधांचे दुकान चालवणारे एक काका आहेत आणि प्रकाशयोजनेपासून चहा आणण्यापर्यंत सर्व काही करणारी कॉलेजची मुले आहेत. मानधन कोणालाच नसते, उलट वर्गणी भरावी लागते. या वेळी ती दीड हजार रुपये होती आणि विद्यार्थ्यांना माफ होती. दिग्दर्शक निवृत्त शिक्षक असून त्यांच्याहून मोठी माणसेही त्यांना 'सर' म्हणतात. मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, वरच्या मजल्यावरील हॉलमध्ये बैठी वाचने सुरू झाली. पहिले काही दिवस सर कोणालाच भूमिका देत नाहीत. प्रत्येकाने प्रत्येक भूमिका वाचायची असते. मला ते आरंभी वेळखाऊ वाटले. पण सासऱ्याची वाक्ये स्वतःच्या तोंडून वाचल्यामुळे तो म्हातारा घर सोडायला का तयार होत नाही, हे मला सुनेची भूमिका मिळण्याच्या आधीच पटलेले होते, आणि पुढे त्याच्याशी भांडताना त्याचा फार उपयोग झाला.

नाटक संस्थेतल्याच एका लेखकाचे होते. पंचगंगेकाठचे एक गाव आणि ऑगस्ट २०१९ चा पूर. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोका पातळी ४३ फूट आहे; त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, हे कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. नाटकातला सासरा म्हशी सोडल्याशिवाय घराबाहेर पडायला नकार देतो. सून गोठ्यात जाते, म्हशी सोडते, पण शेवटच्या गाभण म्हशीच्या दाव्याची गाठ तिला सुटत नाही. पाणी चढते आहे, दारात होडी थांबली आहे. ती बाहेर येऊन सासऱ्याला सांगते, "सगळ्या सोडल्या. चला की मामा आता." होडी निघण्याच्या आत त्याला म्हशीचे ओरडणे ऐकू येते, तो उतरून परत जातो आणि पहिला अंक संपतो. दुसरा अंक वर्षभरानंतरचा: घर लिंपले आहे, पंचनाम्याचे आणि अनुदानाचे कागद पुढ्यात आहेत, आणि ती गाठ राहिली होती हे सुनेने अजून नवऱ्याला सांगितलेले नाही. शेवटच्या प्रवेशात ती सांगते.

ही भूमिका मला मिळाली तेव्हा आनंदाच्या आधी भीती वाटली. दुःख दाखवणे एक वेळ जमेल, पण पाऊण तास अपराध मनात धरून भाकरी थापायची, कागद चाळायचे, नवऱ्याला जेवायला वाढायचे, हे कसे करायचे? मी पहिल्या तालमींत चेहरा ओढून आणि नजर चुकवत वावरत होते. सरांनी एकदाच सांगितले, "ताई, जिच्या पोटात गुपित असतं, ती सगळ्यांत नीट वागते. भाकरी गोल झाली पाहिजे." माझ्या वहीत हे वाक्य पहिल्या पानावर आहे.

वहीविषयी सांगायला हवे. भूमिकेची वही सर्वांनी ठेवावी, मात्र तीत सुविचार आणि भावनांची वर्णने लिहू नयेत. मी तीत फक्त प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहिली. ही बाई पहाटे किती वाजता उठते? डेअरीत दूध घालायला कोण जाते, ती की नवरा? फॅट कमी लागली तर घरात कोणाला बोलणी बसतात? माहेर किती लांब आहे? सासऱ्याला ती जेवायला वाढते तेव्हा समोर थांबते की आत जाते? संहितेत यातले काहीच नव्हते. पण सासरा तिला डेअरीच्या हिशोबात विश्वासाने विचारत असे, हे मी ठरवून टाकले आणि 'सगळ्या सोडल्या' या वाक्याचे वजन बदलले. ज्याने आपल्या शब्दावर कधी शंका घेतली नाही, त्याला ती खोटे सांगते आहे.

यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आम्ही करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात जाऊन मिळवली. सहकलाकारांपैकी एकाच्या नात्यातल्या आक्कांचा तिथे गोठा आहे. मला धार काढता येत नव्हती आणि शेवटपर्यंत फारशी आली नाही. पण मला शिकायचे होते ते दावे. बांधणे सोपे आहे. सोडण्याची गोष्ट वेगळी. आक्का म्हणाल्या, "म्हस भिली की मागं वडती, मग गाठ आनि आवळती. आदी तिला म्होरं घ्यायची, दावं ढिलं करायचं, मग हात लावायचा." ताणलेल्या दोरीची निरगाठ कितीही जोर लावला तरी सुटत नाही; आधी शंभर-दोनशे किलोंचे नव्हे, चारशे-पाचशे किलोंचे जनावर खुंट्याकडे सरकवावे लागते, आणि अंधारात, पोटरीभर पाण्यात, भेदरलेली गाभण म्हैस सरकत नाही. पूर्ण पहिल्या अंकाचा अभिनय या एका माहितीत होता. निघताना मी आक्कांना नवी साडी दिली आणि त्यांची नेहमीच्या वापरातली एक साडी मागून घेतली. ती नेसल्यावर पदर खोचायची जागा आपोआप बदलली, कारण कापड धुऊन धुऊन मऊ झालेले होते.

याच भेटीचा आणखी एक फायदा झाला. आमच्या संहितेत सुनेच्या तोंडी कुठे 'मी जाते' होते, कुठे 'मी जातो'. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असेच बोलतात, म्हणून ते सगळीकडे एकसारखे करून घेतले, आणि सिनेमात ऐकून ऐकून लेखणीत शिरलेले खास 'गावरान' शब्द काढून टाकले. हे काम लवकर करण्याला एक कारण आहे. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेत नंतर मनाला येईल तसे शब्द बदलता येत नाहीत. त्यामुळे नट म्हणून तुम्हाला एखादे वाक्य जिभेवर बसत नसेल, तर ते शुद्ध प्रत तयार होण्यापूर्वी लेखकाला सांगा. आम्ही जुलैत अर्ज, लेखकाचे संमतिपत्र, शुल्क आणि संहितेच्या टंकलिखित प्रती पाठवल्या. उत्तर यायला काही आठवडे लागतात हे धरूनच तारखा ठरवाव्यात.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने पुन्हा धोका पातळी ओलांडली. नदीकाठच्या गावांतून माणसे आणि जनावरे हलवू लागले. आमच्या गटातल्या दोघांची घरे त्या पट्ट्यात असल्यामुळे तालमी थांबल्या. पुरावरचे नाटक पुरामुळे थांबले यातली गंमत कोणालाच वाटली नाही. आक्कांना फोन केला तर त्या म्हणाल्या की जनावरे आधीच पाहुण्यांकडे नेऊन बांधली आहेत. २०१९ नंतर कोणी वाट बघत बसत नाही.

तालमी पुन्हा सुरू होतात न होतात तोच ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसरा दिवस संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीचा. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभे राहिलेले ते नाट्यगृह आमच्या पिढीतल्या प्रत्येक हौशी नटाने कधी ना कधी विंगेतून पाहिलेले आहे. आमचा प्रयोग तिथेच करायचे ठरले होते. आम्ही सगळे नाट्यगृहाला लागून असलेल्या खासबाग मैदानापाशी जाऊन उभे राहिलो. सर कोणाशी बोलले नाहीत. पुढच्या तालमीला एका मुलाने सुचवले की आत्ता मनात जे दाटून आले आहे ते शेवटच्या प्रवेशासाठी वापरावे. सरांनी साफ नकार दिला. ते म्हणाले की हे दुःख आपले आहे, त्या सुनेचे नाही, आणि चार दिवसांनी ते ओसरले की प्रवेशही ओसरेल. त्या दिवशी आम्ही फक्त पहिल्या अंकातल्या हालचाली केल्या.

'आपले दुःख वापरावे की नाही' हा वाद पुढे बरेच दिवस चालला, कारण गटातली एक मुलगी नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम करून आली होती आणि तिचा भावस्मृतीवर विश्वास होता. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की याने मांडलेली ही पद्धत: स्वतःच्या आयुष्यातला तसाच प्रसंग, त्या वेळचे वास, आवाज, स्पर्श यांच्यासह आठवायचा आणि त्यातून उठलेली भावना भूमिकेला द्यायची. २०१९ मध्ये मी शाहूपुरीत तळमजल्यावर राहत होते. पाणी घरात शिरले, आम्ही राजारामपुरीत बहिणीकडे गेलो आणि पाणी उतरल्यावर परत आलो. त्यामुळे 'ताईंना तर सगळं आतूनच येईल' असे सर्वांना वाटत होते. सरांनी करून बघायला सांगितले.

मी डोळे मिटून बसले आणि आठवत गेले. चिखलाचा वास आला, फुगलेला प्लायवूडचा दरवाजा आठवला, तो उघडेना म्हणून दिराने मारलेली लाथ आठवली. मग आठवले की माझ्या नवऱ्याने मुलांच्या गुणपत्रिका आणि विम्याचे कागद चिमटे लावून दोरीवर वाळत घातले होते आणि शेजारच्या काकू ते पाहून म्हणाल्या होत्या, "निकाल लागला काय हो?" मला हसू फुटले. सगळा गट माझ्याकडे बघत राहिला. माझ्या आठवणीतल्या पुरात चिडचिड होती, दमणूक होती, हसूही होते. पण अपराध नव्हता, कारण मी कोणाचे काही बिघडवलेले नव्हते. अनुभव तोच असला तरी भावना तीच असते असे नाही. नंतर मी दुसऱ्या एका, खरोखर जड अशा खासगी आठवणीवर काम करून पाहिले. डोळ्यांत पाणी लगेच आले, परंतु आवाज घशात अडकला, शब्द गिळले गेले, आणि ज्याच्याशी बोलायचे तो नवरा मला दिसेनासा झाला. मी माझ्याच आठवणीशी बोलत होते. सर म्हणाले, "रडू आवरा. ती नवऱ्याला काहीतरी सांगते आहे. त्याला ऐकू गेलं पाहिजे."

स्तानिस्लाव्हस्कीचे नाव घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याचा स्वतःचा भर भावस्मृतीवरून शारीरिक कृतींकडे वळला होता. आपल्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) यांच्या जोडीला सात्त्विक (मनातून उमटणारा) अभिनय सांगितला आहे, आणि स्तंभ (जागीच थिजणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (चेहरा फिका पडणे), अश्रू आणि प्रलय (भान हरपणे) हे आठ सात्त्विक भाव मन एकाग्र झाल्यावाचून येत नाहीत असे म्हटले आहे. मन एकाग्र होण्यासाठी ते कशावर तरी ठेवावे लागते. 'मला दुःख झाले पाहिजे' यावर ते ठरत नाही. सुटत नसलेल्या गाठीवर ठरते.

म्हणून सप्टेंबरात आम्ही गाठ खरी केली. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशीपर्यंत हॉल मिळणे शक्यच नव्हते. तो काळ मी घरी जिन्याच्या कठड्याला दावे बांधून घालवला. नायलॉनची दोरी निरुपयोगी ठरली, कारण ती निसटते. जाड सुती दोरी पाण्यात भिजली की फुगते आणि गाठ आवळते. उत्सवानंतरच्या तालमीत सरांनी रंगमंचाच्या डाव्या टोकाला खुंटा रोवला, दाव्याचे दुसरे टोक विंगेत नेले आणि तिथे कॉलेजच्या एका धिप्पाड मुलाला उभे केले. तो म्हैस. मी दाव्याला हात लावला की त्याने मागे ओढायचे, मी पुढे सरकून ढील घेतली तरच थोडे यायचे, आणि केव्हा ओढायचे ते मला सांगायचे नाही. पहिल्याच वेळी नखाच्या कडेला दोरी घासली, ढील मिळाली तशी मी गाठीत बोट घातले आणि त्याच क्षणी त्याने ओढले. बोट अडकले. तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी काढलेला नव्हता. बोट मोकळे झाल्यावर मी खुंट्याकडे नाही, होडीच्या दिशेला पाहिले. हे कोणी सांगितलेले नव्हते, हालचालींत बसवलेलेही नव्हते. सरांनी ते ठेवले. पुढे आम्ही सुरक्षिततेसाठी दोरीला खूण केली आणि त्या खुणेपलीकडे ओढायचे नाही असे ठरवले, तरी प्रत्येक वेळी नेमके केव्हा ओढले जाईल हे मला शेवटपर्यंत कळू दिले नाही.

दुसऱ्या अंकाला याचा आधार मिळाला. मला 'अपराधी' व्हायचे नव्हते; नवऱ्याने पंचनाम्याचा कागद मोठ्याने वाचू नये, एवढेच मला हवे होते. म्हणून मी त्याला जेवायला बसवते, पुन्हा वाढते, विषय बदलते, कागदावर ताट ठेवते. प्रत्येक प्रवेशात 'मला समोरच्याकडून काय हवे आहे' हे एका वाक्यात लिहून ठेवा आणि ते मिळवायचा प्रयत्न करा. भाव आपल्या मागून चालत येतो. एकदा मी भाकरी थापता थापता थांबून स्वतःच्या तळहाताकडे पाहिले. गटाला ते फार आवडले. सरांनी ते त्याच दिवशी काढून टाकले आणि मला राग आला, पण आता त्या जागी हात पिठातच राहतो तेच बरोबर वाटते.

याचा घरावर परिणाम होतो, तोही लिहायला हवा. ऑक्टोबरात शेवटचा प्रवेश रोज पूर्ण दाबाने होऊ लागला तसा मला रात्री दीड-दोनपर्यंत डोळा लागेना. घरी कोणी साधे 'मीठ कमी आहे' म्हटले तरी तोल जाई. मी सरांशी बोलले आणि आम्ही काही गोष्टी ठरवल्या. शेवटचा प्रवेश आठवड्यातून दोनदाच पूर्ण करायचा. इतर दिवशी फक्त शब्द आणि हालचाली, आवाज न चढवता. प्रवेश संपला की नवऱ्याची भूमिका करणारे गृहस्थ आणि मी एकमेकांना आपापल्या खऱ्या नावाने हाक मारायची, मी साडी बदलून तोंड धुवायचे आणि सर्वांबरोबर चहा घेतल्याशिवाय गाडीला चावी लावायची नाही. चहाला गप्पा नाटकाच्या नकोत. ऐकायला हे बालिश वाटेल, पण आठवड्याभरात झोप सुधारली. कोणाला स्वतःच्या आयुष्यातले काही ताजे दुःख असेल आणि भूमिका त्याच्या जवळची असेल, तर ते दिग्दर्शकाला आधी खासगीत सांगावे. गटासमोर ते उलगडून दाखवण्याची सक्ती कोणी करत असेल तर स्पष्ट नाही म्हणावे.

अंगाला हात लावण्याच्या जागाही आधी ठरवाव्यात. कबुलीनंतर नवरा तिचा दंड धरून तिला ढकलतो. कुठे धरायचे, किती जोराने, कोणत्या शब्दावर सोडायचे, हे आम्ही मोजून बसवले. ढकलल्यासारखे तो करतो, मागे जाण्याचे काम माझे. कोणालाही थांबायचे असेल तर खरे नाव घेऊन 'थांबा' म्हणायचे, मग प्रवेश कितीही रंगात असला तरी थांबायचे. जागा पक्क्या असल्या की उलट मोकळेपणा वाढतो.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. शिक्षक मंडळींना निवडणुकीचे प्रशिक्षण आणि २० नोव्हेंबरला मतदानाची ड्युटी होती, त्यात दिवाळी आली, आणि जवळजवळ महिनाभर पूर्ण संच एकत्र आला नाही. या काळात पाठांतर विरते. आम्ही जे कोणी असतील त्यांच्यात रोज एकदा सगळे नाटक सपाट आवाजात भराभर म्हणून घेत होतो आणि गैरहजर माणसाची वाक्ये कॉलेजची मुले वाचत होती. परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र याच दिवसांत हाती आले. मग दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात जानेवारीची तारीख मागितली. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, भाडे आणि अनामत एवढे लागले. पावती हातात आल्याशिवाय पत्रके छापू नयेत, हा सल्ला कोणत्याही सभागृहाला लागू आहे. नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, भाडे, वाहतूक आणि चहा-नाश्ता धरून एकूण खर्च पन्नास हजारांच्या आसपास गेला. तो वर्गणी आणि देणगी प्रवेशिकांतून निघाला. थोडे कमी पडले ते सरांनी घातले असावेत, असा आम्हाला संशय आहे आणि ते कबूल करत नाहीत.

जागा बदलली की अभिनयही बदलावा लागतो. मोठ्या नाट्यगृहाच्या हिशोबाने आवाज फेकायची सवय लागली होती. शाहू स्मारकच्या सभागृहात पहिली रांग अगदी जवळ असते आणि तोच आवाज ओरडल्यासारखा लागला. रंगीत तालमीच्या दोन दिवस आधी सरांनी सगळा दुसरा अंक आम्हाला जमिनीवर मांडी घालून, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून म्हणायला लावला. नंतर तोच सूर उभ्याने ठेवायचा. शेवटच्या रांगेत एक मुलगी बसवली होती. शब्द कळला नाही की ती हात वर करायची. कबुलीच्या वाक्याला तिचा हात बरेचदा वर गेला, कारण मी वाक्याचा शेवट सोडून देत होते. मराठीत क्रियापद शेवटी येते. 'मी दावं सोडलं न्हवतं' यातला शेवटचा शब्द पडला तर प्रेक्षकाला नेमका उलटा अर्थ लागतो.

प्रयोग शनिवार, १८ जानेवारी २०२५ रोजी होता. मी आदल्या दिवसापासून रजा घेतली होती. शक्य असेल तर घ्यावी. दुपारी हलके जेवले, पाऊण तास पडले, घशासाठी फक्त कोमट पाणी घेतले. बांगड्या तालमीतल्याच घातल्या, कारण नव्या बांगड्यांचा आवाज ध्वनिक्षेपकात शिरतो. दोरी पडदा उघडण्यापूर्वी अर्धा तास बादलीत भिजत घातली. पोटात गोळा होताच, पाय थंड पडले होते. विंगेत म्हैस झालेल्या मुलाने विचारले, "काकू, आज जरा जोरात ओढू?" मी त्याला खुणेच्या आतच ओढायला सांगितले आणि भीती त्या बोलण्यात निम्मी गेली.

पहिला अंक ठीक झाला. दुसऱ्यात नवऱ्याचे एक वाक्य गेले आणि मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्याला आठवेपर्यंत वाढत राहिले. प्रेक्षकांना ती बाई घाबरून वाढते आहे असे वाटले, जे अगदी खरे होते. कबुलीच्या वेळी मला रडू आले नाही. आवाज कोरडा लागला आणि गुडघा थरथरत होता, तो मला थांबवता येईना. नवऱ्याने दंड धरला, सोडला, मी मागे गेले. पडद्यानंतर सर आत आले, सर्वांना एकेक लाडू दिला आणि मला म्हणाले की तिसऱ्या प्रवेशात मी उजेडाच्या बाहेर उभी होते. ठरल्याप्रमाणे आम्ही एकमेकांच्या नावाने हाका मारल्या. तरीही पुढचे चार-पाच दिवस मी रिकामी झाल्यासारखी वावरत होते; तालमीची वेळ झाली की पाय आपोआप चपलांकडे जात. हे बहुतेकांना होते असे मागाहून कळले. त्या आठवड्यात संध्याकाळी काहीतरी ठरवून ठेवावे. मी कपाटे आवरली.

फेब्रुवारीत आक्कांच्या गावात, देवळासमोरच्या मंडपात दुसरा प्रयोग केला. तिथे प्रेक्षक गप्प बसत नाहीत. सासरा परत वळला तेव्हा मागून एक बाई ओरडली, "आवं जाऊ नका!" आणि कोणी हसले नाही. पंचनाम्याच्या प्रवेशाला मात्र इतका हशा झाला की आम्हाला दोनदा थांबावे लागले; शहरात त्याच जागी शांतता होती. आम्ही उभे राहून हशा संपू देत होतो आणि मला हसू लपवायला चुलीकडे तोंड करावे लागले.

प्रयोग संपल्यावर आक्का आपल्या जावेला घेऊन रंगपटात आल्या. जाऊबाईंनी दावे हातात घेऊन पाहिले, गाठ बरोबर आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पर त्या रातीला कोन गाठी सोडत बसलं न्हवतं बाई. इळा घ्यायचा, दावं कापायचं, आनि म्हस हाकलायची." सर तिथेच होते. परतीच्या टेम्पोत तेवढाच विषय. संहितेतला शब्द बदलायचा नाही, कारण सून 'सोडल्या' एवढेच म्हणते. पण तिच्या कमरेला विळा असला आणि तो तिने एका म्हशीसाठी काढलाच नसला, किंवा तो पाण्यात हातातून सुटला असला, तर अपराधाचे स्वरूपच बदलते. सरांना विळा हवा आहे. मला दाव्याशी झगडण्यात जाणारा तो वेळ सोडवत नाही, आणि विळा हातात घेऊनही तीच ओढाताण कशी ठेवता येईल हे अजून मला सुचलेले नाही. पुढचा प्रयोग गुढीपाडव्यानंतर आहे. तालमीत दोन्ही करून बघायचे ठरले आहे, आणि विळा बोथट करून आणायचे काम फौंड्रीवाल्यांकडे दिले आहे.